हात-पाय गमावलेल्या शेतकऱ्याने पुन्हा कामास कसे लागावे

जत तालुक्यात ज्वारीची सुगी आली, की मळणी यंत्रांची व कडबाकुट्टीची घरघर गावोगाव सुरू होते. पेंढी आत सारताना क्षणभर दुर्लक्ष झाले, तर हातच ओढला जातो. अशा अपघातानंतर ‘आता हा माणूस कामातून गेला’ असे लोक सहज म्हणतात. हा समज जखमेइतकाच घातक आहे.

याच जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातील करगणीचे श्री. सचिन खिलारी हे शेतकरी कुटुंबातील. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांचा एक हात कायमचा अधू झाला. त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व २०२४ साली पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले.

पहिले महिने. पाय कापल्यावर आराम वाटावा म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवली जाते. ही मोठी चूक होय. त्यामुळे गुडघा वाकलेलाच आखडतो व पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे पट्टी बांधावी व सांधा रोज हलवावा. जखम भरल्यावर उरलेला भाग रोज धुऊन कोरडा करावा. नसलेला पाय दुखतो असे रोग्याने सांगितल्यास त्यास वेड्यात काढू नये, की देवऋषी गाठू नये. ही वेदना मज्जासंस्थेची असून तिच्यावर उपचार आहेत.

कृत्रिम पाय. १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला ‘जयपूर फूट’ रबराचा आहे. तो लावून अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते व उकिडवेही बसता येते. पुण्यास १९४४ पासून सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. काही महिन्यांनी उरलेला भाग रोडावतो व पाय सैल होतो. तेव्हा तो खुंटीला टांगून न ठेवता बदलून घ्यावा.

काम. दया नको, काम द्यावे. माडग्याळी मेंढ्यांची बंदिस्त निगा, ठिबकच्या व्हॉल्व्हची देखरेख, डाळिंबाची व बेदाण्याची प्रतवारी आणि हिशेब ही कामे एका हाताने किंवा बसून होतात. प्रारंभी तासभर काम करावे, मग वेळ वाढवावी. खुरप्याच्या मुठीस चामडी पट्टा लावून तो मनगटास बांधल्यास पकड सुटत नाही.

साहाय्य. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाताने दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख व एक झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करावयाचा असतो. घरचे लोक दवाखान्यात गुंतलेले असल्याने नेमकी हीच मुदत टळते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन कागदपत्रे जमवून द्यावीत.

एवढ्यावर न थांबता सहा महिन्यांनी त्या घरी पुन्हा जावे आणि एकच प्रश्न विचारावा : सध्या आपण कोणते काम करता?