उकळणं वेगळं, भाजणं वेगळं

भिलाईतल्या मराठी घरांत बाळाला दूध उकळूनच देतात. तरी गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल, तर अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. बासुंदीसाठी तासभर आटवलेलं दूधही १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. दुधातली व्हे प्रथिनं उष्णतेने मोडतात; केसिन हे दुसरं प्रथिन मात्र चिवट. मैद्यात कालवून दूध सुमारे १८० अंशांवर अर्धा तास भाजलं, की प्रथिनं पिठात गुंततात आणि शरीराच्या संरक्षक यंत्रणेला ती नीट ओळखता येत नाहीत.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २००८ साली १०० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधं दूध न सोसणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के मुलांनी असं भाजलेलं दूध सोसलं. ज्यांना सोसलं नाही, त्यांच्यातल्या काहींना मात्र तीव्र ॲलर्जीवरचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन द्यावं लागलं! म्हणून पहिला घास घरी नको. तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी कणाएवढ्या मात्रेपासून सुरुवात होते. दमा असलेल्या बाळाबाबत तर दुप्पट सावधपणे.

‘बकरीचं द्या’ हा शेजारचा सल्ला कृपा करून ऐकू नका. बकरीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना त्यांचाही तसाच त्रास होतो.