कुठे दुखतंय ते आपणच सांगावं
कामापुरतं इंग्रजी : लेखांक ९

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगा महिनाभर आधीपासून भरल्या जातात. डिंकाचे लाडू, भाजणी, बाळंतशेपा, सहा महिन्यांच्या गोळ्या. इंग्रजीची काळजी मात्र विमानतळापुरतीच केली जाते. पुढे मुलं आहेतच, असं आपण धरून चालतो. पण मुलं सकाळी ऑफिसला जातात आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरात दिवसभर साठी-सत्तरीची दोन माणसं आणि एक लहान मूल एवढीच उरतात. छातीत दुखायला लागलं तर ते मुलगा घरी येईपर्यंत थांबत नाही. या लेखमालेतला कुठला भाग पाठ करावा असं कोणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

व्याकरण चुकलं तरी काही बिघडत नाही. पत्ता, त्रास काय होतोय, तो कधीपासून आहे आणि चालू औषधं कोणती, एवढं मात्र आजारी माणसाला किंवा त्याच्या जोडीदाराला स्वतःच्या तोंडाने सांगता आलंच पाहिजे.

सुरुवात पत्त्यापासून करू. अमेरिकेत रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन दल या तिन्हींसाठी ९११ हा एकच क्रमांक आहे. १९६८ साली अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या छोट्या गावातून या क्रमांकावर पहिला फोन केला गेला. आज ९११ ला फोन लावला की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, 'व्हॉट इज द अ‍ॅड्रेस ऑफ युअर इमर्जन्सी?' काय झालंय हे त्यानंतर विचारतात. मोबाइलवरून तुमचं ठिकाण त्यांना दिसतं, पण ते अंदाजे असतं. एकसारख्या दहा इमारतींच्या संकुलात कुठली इमारत आणि कुठला मजला हे त्यावरून खात्रीने कळत नाही. म्हणून पोहोचल्याच्या दिवशी मुलाकडून घर क्रमांक, रस्ता, अपार्टमेंट नंबर आणि शहर मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून घ्या, फ्रिजवर चिकटवा आणि दोघांनीही मोठ्याने वाचून पाहा. घाबरलेल्या माणसाला पाठ असलेलंही आठवत नाही, समोर लिहिलेलं मात्र वाचता येतं.

पत्त्यानंतर एक वाक्य पुरतं. 'माय हजबंड हॅज चेस्ट पेन.' 'माय वाइफ फेल डाउन, शी इज नॉट वेकिंग अप.' 'द बेबी इज चोकिंग', म्हणजे बाळाच्या घशात काहीतरी अडकलंय. आपल्याकडे 'पेशंट सीरियस आहे' म्हटलं की सगळे धावतात, पण तिथल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. शुद्ध हरपली आहे, श्वास थांबला आहे की रक्त वाहतंय, हे त्याला हवं असतं. पुढचे दोन प्रश्न जवळजवळ ठरलेले आहेत. 'इज ही अवेक?' आणि 'इज ही ब्रीदिंग?' माणूस मधूनच एखादी आचके दिल्यासारखी धाप टाकत असेल, तर त्याला 'येस' म्हणू नका. 'नॉट नॉर्मल' म्हणा. त्या दोन शब्दांवरून पलीकडचा माणूस छातीवर दाब कसा द्यायचा ते सांगायला लागतो.

आपली माणसं इथे एक गोष्ट हमखास करतात. पत्ता सांगून झाला की फोन ठेवतात आणि मुलाला लावतात. 'स्टे ऑन द लाइन' किंवा 'डोन्ट हँग अप' याचा अर्थ फोन ठेवू नका. प्रश्न चालू असतानाच दुसरीकडे गाडी निघालेली असते, प्रश्नांमुळे तिला उशीर होत नाही. मुलाला दुसऱ्या फोनवरून दुसऱ्याने कळवावं. दाराची कडी काढून ठेवायला सांगतात, 'अनलॉक द फ्रंट डोअर', तेवढं लगेच करावं.

इंग्रजी अगदीच सुचेना तर पत्ता सांगून 'मराठी इंटरप्रिटर, प्लीज' म्हणावं. फोनवर दुभाषा जोडून देण्याची सोय बहुतेक केंद्रांवर असते. मराठी मिळायला वेळ लागतोय असं वाटलं तर 'हिंदी' म्हणायला हरकत नाही. पण पत्ता आधी, दुभाषा नंतर.

भारतात फोन लावताना ०११ आणि मग ९१ दाबायचं असतं, त्या गडबडीत चुकून ९११ लागण्याचे प्रकार होतात. घाबरून फोन कापू नका. कापला तर ते उलट फोन करतात, कधी पोलीस दारात येतात. 'सॉरी, राँग नंबर, नो इमर्जन्सी' एवढं शांतपणे सांगितलं की विषय संपतो.

फोन करायला हात धजावत नाही तो बहुतेक वेळा बिलाच्या भीतीने. भीती खोटी नाही. रुग्णवाहिकेचं आणि इमर्जन्सी रूमचं बिल तिथे डोळे पांढरे करणारं असतं, म्हणून प्रवासी विमा घेतल्याशिवाय आणि त्यात जुने आजार धरले आहेत का हे वाचल्याशिवाय निघूच नये. पण १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार, मेडिकेअर या सरकारी विमा योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांच्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, इमर्जन्सी विभागांना आलेल्या माणसाला तपासावंच लागतं आणि त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. विमा नाही किंवा पैसे नाहीत म्हणून दारातून परत पाठवता येत नाही. बिल नंतर येतं, त्यावर बोलणी करता येतात. 'मुलाला खर्चात कशाला घालायचं' म्हणून रात्रभर छाती चोळत बसणारे आई-बाप पाहिले की जीव तुटतो.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळू लागलं, तर 'स्ट्रोक' हा एक शब्द फोनवर आधी उच्चारावा. मग विचारतात, 'व्हेन वॉज ही लास्ट नॉर्मल?' म्हणजे तो शेवटचा ठीक कधी होता. याचं उत्तर घड्याळाच्या वेळेत द्यायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास तिथपासून मोजले जातात. दुपारी झोपून उठल्यावर हात लुळा वाटला, तर मोजणी उठल्यापासून करत नाहीत, झोपायला जाताना तो ठीक होता तेव्हापासून करतात. 'सकाळी बरे होते' या उत्तराने डॉक्टरचे हात बांधले जातात.

जिवावरचा प्रसंग नसेल तेव्हा जायचं ते 'अर्जंट केअर'मध्ये. नाव घाबरवणारं आहे, पण ताप, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ, टाके घालण्याजोगी जखम अशा गोष्टींसाठीच ते दवाखाने आहेत. आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो ती तिथे 'इमर्जन्सी रूम', बोलताना 'ईआर'. कॅज्युअल्टी म्हटलं तर त्यांना अपघातात दगावलेली किंवा जखमी झालेली माणसं आठवतात.

आत गेल्यावर 'व्हॉट ब्रिंग्ज यू इन टुडे?' असं विचारलं, तर काय त्रास होतोय हे सांगायचं. इथे मराठी माणसाकडे मोठी शिदोरी आहे. दुखण्याचे किती प्रकार आपण रोज बोलतो! ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, मुरडा वेगळा. डॉक्टरलाही नेमका हाच फरक हवा असतो, पण इंग्रजीत शिरताना आपण सगळ्याचं 'पेन, पेन' करून टाकतो. ठणकत असेल तर 'थ्रॉबिंग' म्हणा. चमक भरली असेल तर 'शार्प', पोटात पिळवटत असेल तर 'क्रॅम्पिंग', आग होत असेल तर 'बर्निंग'. छातीवर कोणी बसल्यासारखं दडपण असेल तर 'प्रेशर' म्हणा, आणि तो शब्द अजिबात गिळू नका, कारण हृदयविकाराचा झटका कित्येकदा दुखतच नाही, नुसता दाबतो. चक्कर शब्दाचंही तसंच. घर फिरतंय असं वाटत असेल तर 'द रूम इज स्पिनिंग', डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर 'आय फील लाइक फेंटिंग'. पहिल्यात डॉक्टर कानाचा विचार आधी करतात, दुसऱ्यात रक्तदाबाचा आणि हृदयाचा.

आपल्या घरगुती इंग्रजीतले काही शब्द तिथे चालत नाहीत. 'आय हॅव बीपी' याचा तिथे काही अर्थ होत नाही, बीपी प्रत्येकालाच असतं. 'हाय ब्लड प्रेशर' म्हणावं. 'शुगर' नव्हे, 'डायबेटीस'. 'लूज मोशन' नव्हे, 'डायरिया'. 'मोशन झाली नाही' याला 'नो बॉवेल मूव्हमेंट'. 'अ‍ॅसिडिटी'ला 'हार्टबर्न' म्हणतात. पण दम लागणं, घाम फुटणं किंवा डाव्या हातात कळ असं काही सोबत असेल, तर स्वतःच निदान करून 'गॅस' म्हणू नका. जे होतंय तेवढंच सांगा, नाव डॉक्टर देतील.

मग शून्य ते दहा या मापावर किती दुखतंय असं विचारतात. दहा म्हणजे असह्य. आपल्या आया इथे दोन किंवा तीन सांगतात. डोळ्यांत पाणी असतं आणि उत्तर 'अ लिटल' असतं. सोसण्याचा आपला संस्कार तपासणीच्या खोलीत घात करतो, कारण आधी कोणाकडे पाहायचं हे ठरवताना परिचारिका हा आकडाही विचारात घेते. आठ असेल तर आठच सांगा.

नकारार्थी प्रश्नाबाबत तर फारच सांभाळावं लागतं. 'यू आर नॉट अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन?' असं कोणी विचारलं की आपण 'येस' म्हणतो. मनात असतं, 'हो, बरोबर, नाहीये.' ऐकणाऱ्याला मात्र अ‍ॅलर्जी आहे असं वाटू शकतं. त्यात आपण मानही आडवी डोलावतो, ती हो आहे की नाही हे त्यांना उमगत नाही. अशा ठिकाणी येस आणि नो दोन्ही टाळून पूर्ण वाक्य बोलावं. 'आय हॅव नो अ‍ॅलर्जीज.' किंवा 'आय अ‍ॅम अ‍ॅलर्जिक टू सल्फा.'

मुलगा सोबत असतो तेव्हा तोच सगळं बोलतो. पण लघवी थेंब थेंब होते, अंगावरून जातं, गाठ लागते आहे, हे आई मुलासमोर बोलत नाही आणि वडील सुनेसमोर बोलत नाहीत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आणि २०१० च्या आरोग्य कायद्याच्या आधारे, सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी विनामूल्य दुभाषा द्यावा लागतो. बहुधा तो फोनवर किंवा पडद्यावर येतो. 'आय नीड अ मराठी इंटरप्रिटर' हे म्हणण्यात कमीपणा मानू नये. मुलांनीही पाच मिनिटं बाहेर बसावं. नातवंडांना दुभाषा करणं तर टाळावंच, आजीच्या आजाराचा शब्द आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडून काढू नये.

आता औषधं. तिथे मेडिकलला 'फार्मसी' म्हणतात, 'केमिस्ट' म्हटलं तर त्यांना रसायनशास्त्रज्ञ वाटतो. काउंटरवर आधी नाव आणि 'डेट ऑफ बर्थ' विचारतात. तारीख सांगताना महिना आधी आणि शब्दांत सांगा. ५ मार्च ही आपली ०५/०३ त्यांच्या वाचनात ३ मे होते.

खरा गोंधळ नावांचा आहे. क्रोसिन, डोलो यांतलं पॅरासिटामॉल अमेरिकेत 'अ‍ॅसिटामिनोफेन' या नावाने ओळखलं जातं आणि टायलेनॉल म्हणून विकलं जातं. सर्दीसाठी सर्रास आणलं जाणारं नायक्विल किंवा डेक्विल, त्यातही तेच असतं. पुण्याहून नेलेली डोलो ६५० चालू असताना सुनेने प्रेमाने नायक्विल दिलं, तर एकच औषध दोनदा पोटात जातं. प्रौढ माणसासाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे, उतारवयात किंवा यकृत नाजूक असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगतात. डोलो ६५० च्या सहा गोळ्यांतच ३९०० भरतात. फार्मासिस्टला विचारा, 'डझ धिस हॅव अ‍ॅसिटामिनोफेन?' तो सल्ला फुकट असतो. दम्याचं सॅल्ब्युटॅमॉल तिथे 'अल्ब्युटेरॉल' होतं आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्या ७५ मिलिग्रॅमच्या अ‍ॅस्पिरिनऐवजी तिथे ८१ची गोळी असते. डॉम्पेरिडोन आणि मधुमेहावरचं विल्डाग्लिप्टिन यांना अमेरिकेत मान्यताच नाही, त्यामुळे संपली तर दुकानात मिळणार नाहीत.

निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून औषधांची यादी करून घ्या, कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचं नावही असू द्या. ओडी, बीडी, टीडीएस, एसओएस ही अक्षरं त्यात नकोत. आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. अमेरिकेत डोळ्यांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा, आणि बोलण्यात औषधाचा जीवघेणा अतिडोस. १-०-१ हेही नको. 'वन्स अ डे', 'ट्वाइस अ डे' असं शब्दांत लिहून मागा.

शेवटी एक क्रमांक लिहून ठेवा, १-८००-२२२-१२२२. हे अमेरिकेतलं विषबाधा मदत केंद्र, चोवीस तास विनामूल्य, दुभाष्यासह. तिथल्या औषधांच्या बाटल्यांना सहसा लहान मुलांना उघडता न येणारं झाकण असतं, पण आपल्या पट्ट्या आणि सोमवार-मंगळवारचे डबे नातवाच्या हाताला सहज येतात. बीपीची किंवा मधुमेहाची एखादी गोळीही लहानग्याला घातक ठरू शकते. 'माय ग्रँडसन स्वॉलोड माय पिल्स. ही इज टू इयर्स ओल्ड.' पट्टी हातात धरूनच फोन करा, त्यावरचं नाव एकेक अक्षर करून वाचून दाखवावं लागतं. वजन विचारतात ते पाउंडात, किलोला २.२ ने गुणलं की पाउंड येतात. मूल गुंगलं असेल, आचके देत असेल किंवा श्वास नीट नसेल तर इथे न करता थेट ९११ लावा. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी मात्र पाजू नका.