कोनाड्यातला राऊटर

अणदूरहून मामांचा फोन आला. "नेट लई अडखळतंय बघ. दुकानदार म्हणतोय, सहा अँटेन्यांचा राऊटर घ्या. घेऊ का?"

मी म्हटलं, थांबा, येतोच आहे.

मामांचं घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती दीड हात जाड, उन्हाळ्यात पंख्याचीही गरज पडू नये अशा. राऊटर ठेवला होता भिंतीतल्या कोनाड्यात, पूर्वी जिथे चिमणी असायची तिथे. म्हणजे तीन बाजूंनी दगड आणि समोर गव्हाची पत्र्याची कोठी. वाय-फायच्या लहरींना दगडी भिंत जड जाते आणि पत्रा तर त्यांना परतवूनच लावतो. अशा जागी सहा काय, सोळा अँटेना लावल्या तरी आतल्या खोलीत पोरांचा व्हिडिओ गोल फिरतच राहणार. अँटेनांच्या संख्येवर राऊटर घेणं म्हणजे शिंगं मोजून बैल घेणं.

खोक्यावर पाहायचं ते वेगळंच असतं. पहिलं, तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर चालतो का. पहिला बँड मंद, पण भिंतीतून बऱ्यापैकी जातो. दुसरा वेगवान, पण एका खोलीपुरता. दुसरं, वायरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का. स्वस्त डब्यांत ते १०० एमबीपीएसचे असतात. मग प्लॅन २०० चा घेतला तरी त्या पोर्टातून १०० च्या वर काही निघत नाही, आणि माणूस केबलवाल्याला शिव्या देत बसतो.

माळवदाच्या घराला माझा सल्ला एकच, वायर ओढा. आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल न्या आणि तिथे दुसरा साधा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. केबल मात्र शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण तिच्या तारा लवकर तुटतात. चांगली कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग पेलते, घरासाठी तेवढं पुष्कळ झालं.

मामांची दुसरी तक्रार होती की रोज संध्याकाळी नेट आपोआप बंद होऊन चालू होतं. डबा उचलून पाहिला. खाली लिहिलं होतं १२ व्होल्ट, दीड अँपिअर. अडॅप्टर मात्र एक अँपिअरचा. मूळचा जळाल्यावर बाजारातून हाताला लागेल तो आणलेला. संध्याकाळी सगळे फोन एकदम जोडले की डब्याची भूक वाढायची, अडॅप्टर दमायचा आणि डबा बसायचा. व्होल्ट तंतोतंत तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. माझ्या अनुभवात 'राऊटर गेला' म्हणून फेकलेल्या कितीतरी डब्यांचा खरा आजार अडॅप्टरचाच असतो.

मग लाईट जाण्याचा प्रश्न. राऊटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. डब्याला साधारण दहा वॅट लागतात, तेव्हा दोन-तीन तास सहज निघतात. पण तो घेण्याआधी केबलवाल्याला एक प्रश्न विचारा: "घरापर्यंत फायबर आहे की मधे स्विच?" जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये त्याच्या मुख्य यंत्रापासून तुमच्या घरापर्यंत, अगदी २० किलोमीटर असलं तरी, वाटेत कुठेच वीज लागत नाही. मधला स्प्लिटर नुसता प्रकाश वाटतो. मात्र गल्लीच्या खांबावर स्विचची पेटी असेल, तर लाईट गेल्यावर ती मरते आणि तुमचा यूपीएस नुसता दिवे मिचकावतो.

फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला तर राऊटरला हात लावू नका. प्रकाश पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फायबर कुठे तरी मुडपली, उंदरानं कुरतडली किंवा जेसीबीच्या दातात गेली. दुरुस्तीला आलेल्या पोराला पॉवर मीटरचा आकडा विचारा. उणे २० च्या आसपास असेल तर झकास. उणे २७ च्या पलीकडे गेला तर जोड पुन्हा करून घ्या. आणि अवकाळीतल्या विजा आठवून आणखी एक सांगतो: फायबरची काच वीज वाहत नाही, पण तिच्या आधाराची पोलादी तार वाहते. ती घराबाहेरच कापायला लावा.

फायबरचा डबा परस्पर विकत आणण्याची घाई नको. त्याचा सिरियल क्रमांक कंपनीनं आपल्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय तो चालत नाही. जे घ्याल त्याची वॉरंटी आणि जवळचं सेवा केंद्र आधी विचारा, मग ब्रँड. अणदूरचा खंडोबा सव्वादहा महिने गावात आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात असतो, आणि त्याची ने-आण दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होऊनच होते. देवाच्या बाबतीत कागद करणारं हे गाव तीन हजारांच्या डब्याची पक्की पावती का मागत नाही, हे मला कळलेलं नाही.

मामांनी नवा राऊटर घेतला नाही. जुनाच कोनाड्यातून काढून ढाळजेत उंच खिळ्याला टांगला, अडॅप्टर बदलला आणि 'ॲडमिन' हा पासवर्डही. सहा अँटेन्यांचा डबा दुकानातच राहिला.