नदीचें मूळ आणि घराण्याचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ पाहूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. तरीहि मनुष्य दोन्ही पाहावयास निघतोच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इटलींतील लक्षावधि लोक पोटासाठीं अर्जेंटिना, ब्राझील व अमेरिकेस गेले. त्यांचीं नातवंडें-पतवंडें आतां आजोबांचें नांव आणि गांव एवढेंच गांठीं बांधून समुद्र ओलांडून येतात व त्या गांवच्या चर्चमध्यें जुनी वही पाहावयास मागतात. अशी वही तेथें असते, याला कारण आहे. बाप्तिस्मा व विवाह नोंदून ठेवण्याचा दंडक १५६३ मध्यें ट्रेंट येथील धर्मसभेनें घालून दिला. पुढें देश एक झाल्यावर १८६६ पासून सरकारी नोंदवह्याहि सुरू झाल्या.

वाशीमच्या मुलुखांतील घराण्यास अशी एकच एक वही मिळत नाहीं. त्याचें मूळ अनेक ठिकाणीं विखुरलेलें असतें, व तें गोळा करावयाचें तर प्रवास घडतोच. मात्र त्या प्रवासाचा पहिला मुक्काम स्वतःचें घर हा होय. कुलदैवत कोणतें, देवक किंवा गोत्र कोणतें, नवस फेडावयास घरचे लोक कोठें जात, हें वडील माणसांस आधीं विचारावें. ज्या घरांत श्राद्ध होतें तेथें पिता, पितामह, प्रपितामह आणि माता, पितामही, प्रपितामही अशीं तीन पिढ्यांचीं नांवें मुखीं राहिलेलीं असतात. आडनांवाचा मात्र जपून विचार करावा. वाशीमांत राहणाऱ्यास कोणी वाशीमकर म्हणत नाहीं. रिसोड सोडून दुसरीकडे गेलेल्यासच लोक रिसोडकर म्हणूं लागतात. म्हणजे असें आडनांव घराणें कोठून निघालें हें सांगतें. देशमुख, देशपांडे, पाटील हीं तर वतनाचीं नांवें. तीं सारखीं असलीं म्हणून रक्त एक ठरत नाहीं.

दुसरा मुक्काम दप्तरखान्याचा. येथें पुष्कळांची वाट चुकते, कारण गांव जागचें हललें नाहीं तरी त्याचा जिल्हा मात्र बदलत गेला. वऱ्हाड प्रांत निजामाकडून १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें वाशीमचा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रज त्यास बासिम म्हणत. १९०५ मध्यें तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले आणि पुसद यवतमाळकडे गेलें. कारंजें तर त्यापूर्वीं अमरावती जिल्ह्यांत मोडत होतें. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून निराळा निघाला. म्हणून ज्यास पणजोबांचा कागद हवा आहे, त्यानें वाशीमच्या कचेरींत तो मिळाला नाहीं एवढ्यावर निराश होऊं नये. अकोल्याचें व प्रसंगीं अमरावतीचें दप्तर पाहावें.

या दप्तरांत काय सांपडतें? जमिनीच्या कागदांत खातेदाराचें व वारसांचें नांव असतें. परंतु ज्याला जमीनच नव्हती त्या मजुराचें नांव तेथें कोठून येणार? त्याच्यासाठीं कोतवाल बुक आहे. गांवांतील जन्म-मृत्यूच्या या नोंदींत गरीब-श्रीमंत असा भेद नसतो. बापाचें नांव, जात, मुलगा झाला कीं मुलगी, एवढें लिहिलेलें असतें. बाळाचें नांव पुष्कळदां नसतें, कारण बारशापूर्वींच वर्दी गेलेली असते. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकांत नांव सांपडतें, पण तेथील जन्मतारखेवर फार विसंबूं नये. १ जून किंवा १ जुलै अशी तारीख दिसली कीं ती गुरुजींनीं अंदाजानें घातली असावी, असें खुशाल समजावें. कोतवाल बुकांतील दिवस आणि शाळेंतील नांव यांचा मेळ घातला म्हणजे एक पिढी पक्की होते.

तिसरा मुक्काम क्षेत्राच्या ठिकाणचा. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनांव व गांव यांवरून यजमानांची नामावळी लागते. यात्रेस आलेला पुरुष आपलें, बापाचें, भावांचें व मुलांचें नांव सांगे, आणि लिहितां येत असल्यास खालीं सही करी. ज्या पणजोबांचें छायाचित्र घरांत नाहीं, त्यांचें हस्ताक्षर तेथें पाहावयास मिळूं शकतें.

या वह्यांत स्त्रियांचीं नांवें मात्र कमी. ती उणीव कांहीं अंशीं कारंज्यास भरून निघते. तेथें जैन भट्टारकांचीं पीठें होतीं व तेथील ग्रंथभांडारें प्रसिद्ध आहेत. जैन मूर्तींच्या पीठावरील लेखांत व हस्तलिखितांच्या शेवटीं दात्याच्या नांवापुढें त्याच्या भार्येचें आणि पुत्रांचें नांव देण्याची चाल होती. त्यामुळें शेंकडों वर्षांपूर्वींच्या गृहिणींचीं नांवें धातूवर व कागदावर टिकलीं.

ज्यांच्या घरीं कागद पोंचलाच नाहीं, त्यांचें काय? मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें क्षेत्र. रामनवमीस तेथें दूरदूरच्या प्रांतांतून लोक येतात. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेणाऱ्या या समाजाचें मूळ गांव असें एक नव्हतें; तांडा चाले तेंच गांव. म्हणून त्यानें आपलें कूळ भाट व ढाडी यांच्या मुखीं ठेवलें. गोत कोणतें, हें विचारल्यावांचून सोयरीक होत नाहीं; त्यामुळें हें ज्ञान जिवंत राहिलें. परंतु सरकारी कचेरी मुखींची वंशावळ तेवढ्यावर मानीत नाहीं. विमुक्त जातींच्या दाखल्यासाठीं २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींच्या आणि इतर मागासवर्गीयांच्या दाखल्यासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. अशा वेळीं आजोबांच्या नांवाची एक ओळ सांपडते कीं नाहीं, यावर नातवाचें शिक्षण अवलंबून राहतें. २०२३ मध्यें कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांची गरज सर्वांस कळून आली. कागद आहे, पण तो वाचणारा नाहीं, अशी ही अवस्था आहे.

पुरावा मिळाला तरी तो नीट वाचला पाहिजे, याचा दाखला खुद्द वाशीमचाच आहे. प्राचीन वत्सगुल्म तें हेंच नगर. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेखांत वाकाटक राजांची वंशावळ आहे. परंतु अक्षरें झिजल्यामुळें त्यांतील एक नांव चुकीचें वाचलें गेलें होतें व दोन शाखा एकींत एक मिसळल्या होत्या. १९३९ मध्यें वाशीम येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. त्यांत राजा आपणांस सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा पौत्र म्हणवितो. त्याच्या आधारें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं अजिंठ्याचा लेख फिरून वाचला, तेव्हां सर्वसेनाचें नांव उलगडलें आणि वत्सगुल्माची शाखा निराळी ठरली.

जेथें राजकुळाची ही गत, तेथें आपण अधिक सावध असावें. शोध स्वतःपासून आरंभून एकेक पिढी मागें न्यावा. एखाद्या नामांकित पुरुषापासून आरंभून स्वतःपर्यंत आणूं नये. जी कडी मिळाली नाहीं तेथें जागा कोरी ठेवावी; पुढच्या पिढींतील कोणी ती भरील. मुलींचीं व सुनांचीं नांवें माहेरच्या गांवासह लिहावीं. आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसास काय विचारावयाचें तें आजच विचारून घ्यावें. कारण कचेरींतील कागद आणखी कांहीं वर्षें टिकेल, पण त्या माणसाच्या आठवणीची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं.