सोयाबीनचं टार्गेट आता ॲपवर, नोंद क्विंटलमध्येच करा

यंदाच्या सोयाबीन विक्रीसाठी कंपनीच्या ॲपमध्ये सगळ्यांचं मिळून एकच टार्गेट टाकलं आहे. 'टार्गेट' बटण दाबलं की वर पूर्ण कंपनीचा आकडा दिसतो, खाली प्रत्येक गावगटाचा. तुमची नोंद गटात जमा होते आणि गटाची वरच्या आकड्यात, आपोआप. ऑफिसमध्ये कोणी हाताने भरत नाही, त्यामुळे एकाची नोंद चुकली की वरपर्यंत चूक जाते.

जास्त गल्लत होते ती कट्ट्यांची. घरी आपण कट्टे मोजतो, ॲप क्विंटल धरतं. ५० किलोचे ४० कट्टे म्हणजे २० क्विंटल. तिथे ४० लिहिलं तर टार्गेट भरल्यासारखं दिसेल, त्या भरवशावर खरेदीदाराला शब्द जाईल आणि गाडी अर्धी रिकामी निघेल. भाडं मात्र पूर्ण गाडीचं, तेही आपल्याच पट्टीतून.

'देणार' आणि 'दिला' हे रकाने वेगळे आहेत. काट्यावर वजन झाल्याशिवाय 'दिला'मध्ये काही लिहू नका. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघून माल वाळवायला परत गेला, तर तोही अजून 'देणार'मध्येच.

मधेच बाजारात विकायचं ठरलं तरी कोणी रागावणार नाही. फक्त 'देणार'चा आकडा त्याच दिवशी कमी करा, म्हणजे गाडी ठरवण्याआधी कळेल.

ॲप जमत नसेल तर गटप्रमुखांना कट्टे किती आणि एका कट्ट्याचं वजन किती, एवढं सांगा. ते भरून देतील.

– कंपनी कार्यालय