अजून पाच वर्षं कशाला?

माझा धाकटा भाऊ आमच्या तालुक्याच्या गावी मोटारी भरण्याचं दुकान चालवतो. विहिरीवरची, बोअरची मोटार जळली की शेतकरी ती त्याच्याकडे आणून टाकतात. तो जळलेली तार उपसून काढतो आणि नवी तांब्याची तार भरून देतो. १९९५ साली तो भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला, तेही पहिल्या वर्गात. त्याला पुढे शिकायचं होतं. मी घरातला मोठा, बी.ए. झालेला, चार कविता छापून आलेल्या. तेव्हा शिक्षणातलं मलाच कळतं असा घरच्यांचा समज. त्यानं विचारलं, "भाईजान, एम.एस्सी., पीएच.डी. करू का?" मी म्हणालो, "इतकी वर्षं फी कोण भरणार?" विषय तिथेच संपला. संशोधन करणाऱ्याला उलट दरमहा पैसे मिळू शकतात, त्यासाठी एक परीक्षा असते आणि ती तेव्हाही होत होती, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला एकही माणूस आमच्या मोहल्ल्यात नव्हता.

आता त्याची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिला ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली. निकालाचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. "बडे अब्बा, अब्बूंना तुम्हीच समजावून सांगा. ते म्हणतात, अजून पाच वर्षं कशाला?" या वेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन महिने ओळखीच्या प्राध्यापकांकडे, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलांकडे चौकशी केली. त्या चौकशीत जे हाती लागलं, ते आज आपल्याला सांगतो. कवीनं करिअरवर बोलावं हे जरा विचित्रच आहे; पण ज्यानं एकदा चुकीचा रस्ता दाखवला, त्यानं दुसऱ्यांदा तरी नीट विचारून यावं, एवढाच माझा अधिकार.

पहिली गोष्ट वेळेची. इंजिनिअरचं चार वर्षांचं शिक्षण बाविसाव्या वर्षी संपतं आणि तो नोकरीला लागू शकतो. शास्त्रज्ञाचा हिशेब वेगळा. बी.एस्सी. एकविसाव्या वर्षी, एम.एस्सी. तेविसाव्या, पीएच.डी. अठ्ठाविसाव्या किंवा एकोणतिसाव्या वर्षी. त्यानंतर बरेच जण दोन-तीन वर्षं दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत काम करतात, त्याला पोस्टडॉक म्हणतात. म्हणजे कायमची नोकरी तिशी ओलांडल्यावर. ज्या घरात मुलगा विसाव्या वर्षी कमावता होतो, त्या घराला हे ऐकूनच घाम फुटतो. पण या वर्षांत मुलगा किंवा मुलगी बापाच्या जिवावरच बसलेली असते, हा समज चुकीचा आहे.

बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते, वर्षाला ८० हजार रुपयांची. त्यातले ६० हजार रोख आणि २० हजार उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी. पुढे जॅम ही परीक्षा दिली तर आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी.ला प्रवेश मिळू शकतो. मग येते नेट. 'नेट झाली' या दोन शब्दांवर मात्र विश्वास ठेवू नका. २०२४ पासून या निकालाचे तीन प्रकार आहेत: फेलोशिपसह पात्र, सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. पैसे पहिल्यालाच. ते किती? जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये, मग कामाची तपासणी होऊन ४२ हजार. वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. सगळं मिळून पाच वर्षं. मी हे आकडे सांगितले तेव्हा माझ्या भावानं हातातली तार खाली ठेवली.

पण हा पगार नाही, हेही त्याला सांगावं लागलं. यात भविष्य निर्वाह निधी नाही, पेन्शन नाही. शिवाय पैसे वेळेवर येत नाहीत, महिनोन्महिने अडकतात, ही संशोधक विद्यार्थ्यांची जुनी आणि खरी तक्रार आहे. म्हणून सुरुवातीच्या सहा महिन्यांचं खोलीभाडं आणि जेवणखर्च हाताशी असल्याशिवाय घराबाहेर पडू नये. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. मला ते एका मुलानं सांगितलं, त्यानं त्या काळात मित्रांच्या उसनवारीवर दिवस काढले होते.

जुन्या माहितीवर विसंबून राहणं हाही आपल्याकडचा मोठा रोग. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून नव्यानं दिली जात नाही, तरी आमच्याकडे आजही कुणी कुणी "ती मिळेलच की" म्हणून मुलांना धीर देतात. शाळकरी वयात विज्ञानाची गोडी लावणारी किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. उलट आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएच.डी. करणाऱ्यांना मदत करतात. आमच्यातल्या कितीतरी बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत आणि त्यांची मुलं महाज्योतीकडे अर्ज करू शकतात, हे त्यांच्या घरी माहीत नसतं. जाहिरात दरवर्षी पाहावी, नियम बदलतात.

आता मार्गदर्शक. विषय कोणता घ्यावा यावर मुलं रात्र रात्र चर्चा करतात आणि गाईड कोण असावा यावर पाच मिनिटं. हे उलटं हवं. सोयरीक जमवताना आपण चार घरी चौकशी करतो, मुलाचा स्वभाव विचारतो. गाईडचं तर पाच वर्षांचं नातं. त्याच्याकडे आधी शिकून गेलेल्यांना गाठावं आणि विचारावं: तुम्हाला पदवीला किती वर्षं लागली? कुणी मध्येच सोडून गेलं का? आणि आता तुम्ही कुठे आहात? आमच्या मुलीनं तीन ठिकाणी असं विचारलं. एका ठिकाणचे जुने विद्यार्थी फोनवर बोलायलाच तयार होईनात. ती जागा आम्ही यादीतून काढली.

पाच वर्षांनंतर काय, हा भावाचा खरा प्रश्न होता. मुलांना वाटतं पीएच.डी. म्हणजे प्राध्यापक. साधा हिशेब करून पाहू. समजा, एक प्राध्यापक तीस वर्षं नोकरी करतो आणि त्या काळात त्याच्या हाताखाली पंधरा जण पीएच.डी. होतात. तो निवृत्त होतो तेव्हा खुर्ची एकच रिकामी होते. उरलेल्या चौदा जणांनी आपला रस्ता आधीपासून शोधलेला बरा. रसायनशास्त्र घेतलेल्यांना औषध कंपन्यांचे संशोधन विभाग आहेत, सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत, अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा आहेत, पेटंट कार्यालयात परीक्षकाची पदं असतात. पण तिथे नुसता प्रबंध पाहत नाहीत, हाताला काय येतं ते विचारतात. औषधातले घटक वेगळे करून मोजणारं एच.पी.एल.सी. नावाचं यंत्र असतं. ते तुम्ही स्वतः चालवलंय की दुसऱ्यानं चालवलेल्या यंत्राचे आकडे प्रबंधात घातलेत, हे दोन प्रश्नांत कळतं म्हणे. म्हणून एका जाणत्या बाईंनी आमच्या मुलीला सांगितलं की दर सहा महिन्यांनी वहीत लिहून ठेव: या काळात मी कोणतं यंत्र शिकले, कोणतं काम पुरं केलं, कुणाची ओळख झाली. पान कोरं राहिलं तर तेव्हाच जागं व्हायचं, पाचव्या वर्षी नाही.

सरकारी वैज्ञानिक संस्थांतली एक गोष्ट मला फार आवडली. नेहमीच्या कचेरीत वरचा साहेब निवृत्त होईपर्यंत खालचा कारकून वाट पाहत बसतो. अणुऊर्जा, अवकाश आणि संरक्षण संशोधन या खात्यांत शास्त्रज्ञांची बढती वरची जागा रिकामी असण्यावर अवलंबून नसते. ठरावीक वर्षं झाली की कामाची तपासणी होते, मुलाखत होते आणि माणूस पात्र ठरला तर त्याचंच पद वरच्या श्रेणीत नेलं जातं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय तर १९५७ पासून चालू आहे. तिथे इंजिनिअरही घेतात आणि एम.एस्सी. झालेलेही. वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवतात आणि उत्तीर्ण झालेल्यांना वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमतात. मात्र वयाची अट कडक असते. सव्विशीनंतर ही माहिती मिळाली तर खुल्या गटातल्या मुलाला तिचा उपयोग नाही.

इंजिनिअरांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची काळजी घ्यायला गल्लोगल्ली क्लासवाले बसलेत. क्लासवाले जे सांगत नाहीत तेवढंच. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीच्या लाखांतल्या फीला घाबरणाऱ्या घरांसाठी हा रस्ता चांगला, आणि मुलाचा हात लवकर कामाला बसतो. गेट परीक्षेचे गुण तीन वर्षं चालतात. त्यांवर एम.टेक.ला प्रवेश आणि महिना १२ हजार ४०० रुपये मिळतात, काही सार्वजनिक उपक्रम त्याच गुणांवर नोकरीला बोलावतात. आणि नोकरीत चार-पाच वर्षं झाली की एक फाटा येतो: यंत्राच्या कामात खोल जायचं की माणसं सांभाळायची. पगार वाढतो म्हणून डोळे मिटून दुसरीकडे वळू नये. उत्तम कारागिराचा नाखूश साहेब झालेला मी जवळून पाहिला आहे.

मुलींचा प्रश्न वेगळा, आणि आमच्या घरात तो दबक्या आवाजात निघालाच: लग्नाचं काय? यावर मी भाषण केलं नाही, नियम दाखवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा आहे. म्हणजे लग्न झालं म्हणून प्रबंध बंद करायची गरज नाही, फक्त हे सासरच्यांना आधी सांगायला हवं.

कमला सोहोनी यांची हकिगत पुष्कळांना माहीत असेल. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्यांची जिद्द सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. दार कुठे आहे आणि त्याच्या आत काय आहे, हे घरात माहीत होतं. अब्दुल कलामांच्या घरी ते माहीत नव्हतं. १९५४ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर आपला ओढा इंजिनिअरिंगकडे आहे हे त्यांना कळलं, आणि मद्रासच्या प्रवेशासाठी बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या नि साखळी गहाण ठेवली. रघुनाथ माशेलकर मॅट्रिकनंतर शिक्षण सोडण्याच्या बेतात होते, तेव्हा टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ती वेळेवर कळली नसती तर?

हे सगळं मी भावाला दुकानात बसून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. जळक्या मोटारींतलं तांबं किलोवर विकलं जातं, त्याचे पैसे तो त्यात वेगळे ठेवतो. "सहा महिन्यांचं म्हणालात ना, भाईजान?" त्यानं विचारलं. १९९५ चा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगी दोन प्रयोगशाळा पाहायला जाते आहे आणि तिचे अब्बू सोबत जाणार आहेत. त्यांना तिथली यंत्रं बघायची आहेत. दुकान दोन दिवस बंद राहील. ज्यांच्या मोटारी आमच्याकडे पडून आहेत, त्यांनी कृपया सांभाळून घ्यावं.