शेपटीच्या मुळाशी

सकाळी पावणेसात, कल्याण. चहा उकळायच्या आत, मांजरीचं पिल्लू मनी जिच्याकडे आहे त्या मावशींचा फोन. "डॉक्टर, मनीला आता खायला देऊ का?" "आठ वाजता थोडं द्या, मग काही नाही." मोठ्या मांजराला ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवता येतं. सव्वा किलोच्या पिल्लाची साखर तेवढ्यात उतरते.

साडेआठ, डोंबिवली पूर्व. दवाखान्यात नेहमीची गर्दी: लसी, कान, जंतांचं औषध. मनी याच टेबलावर महिन्यापूर्वी आली होती, तीन महिन्यांची, बिल्डिंगच्या जिन्यात सापडलेली. मागचा भाग सदा ओला, घरभर लेंड्या. शेजारी म्हणत होते, घाण करते, मासळी बाजारात सोडून या. मावशींनी मला एवढंच विचारलं, "ही मुद्दाम नाही ना हो करत?"

पहिल्या दिवशी मी लघवीचा संसर्ग समजून औषध दिलं. ती माझी चूक. शेपटीच्या मुळाशी बोट फिरवून बघायला हवं होतं. दुसऱ्या खेपेला तिथले केस काढले, तेव्हा मधोमध तिळाएवढा खळगा दिसला आणि त्यात नितळ पाण्याचा थेंब. पुसला. थोड्या वेळाने पुन्हा भरला. ती लघवी नव्हती, मज्जारज्जूभोवतालचं पाणी होतं.

मग तिला फरशीवर चालवलं. मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलत होती. गुदद्वाराजवळ चिमटा टेकवला की ते आकसायला हवं, तसं झालं नाही. पोट हलकं दाबताच लघवी वाहिली. एक्स-रेत शेपटीआधीच्या त्रिकास्थीच्या मणक्यांच्या कमानी पाठीकडून जुळलेल्याच नव्हत्या. पण आत काय अडकलंय हे एक्स-रे दाखवत नाही. त्यासाठी भूल देऊन एमआरआय केला. मज्जारज्जूच्या टोकापासून आवरणाची पिशवी थेट कातडीला येऊन चिकटली होती. याला मेनिंगोसील म्हणतात.

साडेदहा, ठाण्याची लोकल. डब्यात उभ्याउभ्या एमआरआयची चित्रं मोबाइलवर पुन्हा पाहते. गर्भात अगदी सुरुवातीला मज्जारज्जूची नळी चेन ओढावी तशी मिटत जाते. मनीची शेवटाला उघडी राहिली. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, मांजराचा पार त्रिकास्थीपर्यंत उतरतो. म्हणून शेपटीच्या मुळाशी झालेला बिघाड लघवी, शी आणि मागचे पाय, तिन्ही धरतो.

हा दोष सगळ्यांत जास्त दिसतो तो मँक्स जातीत. आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावरची ही बिनशेपटीची मांजरं. टी नावाच्या जनुकातले बदल त्यामागे आहेत, हे 2013 साली प्रसिद्ध झालं. सदोष जनुक आई-बाप दोघांकडून आलं तर पिल्लू गर्भातच मरतं. एकाकडून आलं तर शेपूट जाते, आणि काहींचा कणाही उघडा राहतो. हे माहीत असून अशी मांजरं हौसेखातर पैदा करणं मला क्रूर वाटतं. मनी मँक्स नाही, आपल्याकडचीच आहे. शेपूट मात्र जन्मापासून आखूड.

बारा, ठाण्यातलं नौपाडा, ऑपरेशन इथल्या हॉस्पिटलात. मावशी रिक्षाने आल्यात, टोपली मांडीवर घट्ट धरून. सही घेण्याआधी मी त्यांना सगळं सांगते. उघड्या वाटेने जंतू आत शिरले तर मेंदूज्वर होऊन मनी जाईल, म्हणून पिशवी बंद करायची. ताणलेला मज्जारज्जू सुटला तर पाय सुधारू शकतात. लघवी-शीवरचा ताबा बहुतेक येत नाही. "मग मी पुसेन," मावशी म्हणतात आणि सही करतात.

भूल दिल्यावर मूत्राशय रिकामं करतो, जखमेत घाण जाऊ नये म्हणून गुदद्वाराला तात्पुरता टाका घालतो. एवढासा जीव भराभर गार पडतो, तेव्हा पंजांना कापूस गुंडाळून खाली गरम पाण्याच्या पिशव्या. खळग्याभोवती लंबगोल छेद घेते. आता कातडी ओढायची नाही, कारण ती आत मज्जारज्जूला बांधलेली आहे. भिंगाचा चष्मा लावून पिशवीचा देठ मोकळा करत खाली मणक्याच्या फटीपर्यंत जाते. पिशवी उघडली की पाणी पाझरतं आणि आत पांढरे, शिवणाच्या दोऱ्याहून बारीक मज्जातंतू दिसतात. दोन कडेला चिकटलेत. ते सोडवायला वीस मिनिटं लागतात. शेवटचा चिकटा सुटतो तेव्हा सगळा जुडगा जरासा वर, डोक्याकडे सरकतो. तेवढं बघण्यासाठीच हा सगळा खटाटोप. मग आवरण बारीक दोऱ्याने शिवायचं, वर चरबीचा तुकडा, स्नायूंचं वेष्टण, कातडी. गुदद्वाराचा टाका आठवणीने काढायचा.

साडेचार. मनी डोकं उचलते. अंगात 99.8 फॅरनहाइट, मांजराच्या मानाने अजून गारच. गरम पिशव्या बदलल्या.

सात. मावशींचा हात धरून मूत्राशय कुठे लागतं ते दाखवते. लिंबाएवढं भरलेलं असतं, दोन बोटांत धरून मागच्या बाजूला सावकाश दाबायचं, दिवसातून तीन-चार वेळा, जन्मभर. शी घट्ट होऊ द्यायची नाही. लघवीला वास वाढला तर लगेच आणायची. तिसऱ्या खेपेला त्यांना बरोबर जमतं.

रात्री दहा, कल्याण. मनी आज ठाण्यातच आहे. तिथून फोन येतो: जखम कोरडी, चमचाभर खाल्लं. पाय कसे टाकते ते काही आठवड्यांनी कळेल.

तुमच्याकडचं पिल्लू सारखं ओलं राहत असेल, तर त्याला बाहेर सोडण्याआधी एकदा शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून बघा आणि डॉक्टरांकडे न्या.